चक्र भाड्याने नेताय? आधी बक्षिसांची बेरीज करा

शाळेचं स्नेहसंमेलन असो, चतुर्थीचा मंडप असो की वाड्यावरचं फेस्त (चर्चचा उत्सव), आमच्याकडून बक्षिसांच्या खेळाचं लाकडी चक्र आणि फासे नेणारे आधी भाडं विचारतात. बक्षिसं केवढी ठेवायची, हे सहसा कोणी विचारत नाही.

सुरुवातीला आम्हालाही ते सुचलं नव्हतं. आठ खान्यांचं चक्र, कूपन दहा रुपयांचं. चार खान्यांत 50, 20, 20 आणि 10 रुपयांच्या वस्तू, उरलेले चार कोरे. निम्मे कोरे आहेत, मग काय बिघडतंय, असं वाटलं. पण बक्षिसांची बेरीज 100, तिला आठने भागलं की साडेबारा. म्हणजे दर फिरकीला दहा येणार आणि सरासरी साडेबारा जाणार. गर्दी वाढली तसा गल्ला आटत गेला!

या साडेबाराला गणितात ‘अपेक्षित मूल्य’ म्हणतात. ते कूपनच्या दराइतकंच आलं तर खेळ बरोबरीचा.

बारा खान्यांच्या आमच्या चक्रावर 20 रुपयांचं कूपन धरा. एक खाना 100 चा, दोन 40 चे, तीन 20 चे, सहा कोरे. बेरीज 240, भागिले बारा, बरोबर 20. मंडळासाठी दर फिरकीला चार रुपये उरवायचे असतील तर बेरीज 192 वर आणा आणि तसं फलकावर लिहा. लोक देणगी म्हणून खुशीने खेळतात, लपवलेलं मात्र कोणाला रुचत नाही.

सरासरी जुळली म्हणून रात्र जुळतेच असं नाही. याच बरोबरीच्या चक्राच्या 200 फिरक्यांत, 4000 च्या विक्रीवर, हिशेब चारेकशे रुपयांनी इकडेतिकडे होणं अगदी नेहमीचं. आठशेपर्यंतची तयारी ठेवा. पहिल्याच पाच फिरक्यांत दोन मोठी बक्षिसं गेली तर आमच्या चक्राला दोष देऊ नका. खाने कोनमापकाने आखलेले असतात.

फाशांचा खेळ जास्त फसवा. एक आकडा निवडायचा, तीन फासे टाकायचे. तो एकदा आला तर कूपनच्या एकपट किमतीची वस्तू, दोनदा आला तर दुप्पट, तिन्हींवर आला तर तिप्पट, शिवाय कूपन परत. ऐकायला सरळ वाटतं. पण 216 शक्यतांपैकी 75 वेळा तो एकदा येतो, 15 वेळा दोनदा, एकदाच तिन्हींवर आणि 125 वेळा येतच नाही. खेळणाऱ्याला 75 अधिक 30 अधिक 3 मिळून 108 कूपनांइतकं मिळतं, जातात 125. एक-दोन-तीनच्या जागी एक-तीन-पाच लावा: 75 अधिक 45 अधिक 5, बरोबर 125.

रोख पैशांच्या खेळासाठी आम्ही सामान देत नाही. गोव्यात 1976 चा सार्वजनिक जुगार कायदा आहे, आणि मांडवीतल्या कॅसिनोंना असलेली मुभा मंडपाला लागू होत नाही. वस्तूंची बक्षिसं ठेवणार असाल तरी परवानगीचं पोलिसांत आधी विचारून घ्या.

सामान न्यायला येताना कूपनचा दर आणि वस्तूंच्या किमती कागदावर लिहून आणा. भागाकार आम्ही दुकानातच करून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.