अंगणवाडीतून पहिलीत जाताना: वयाची अट, कागदपत्रे आणि मुलाच्या नोंदी

मार्च-एप्रिलमध्ये जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक दाखलपात्र मुलांची यादी करतात. ती अंगणवाडीच्या नोंदवहीवरून आणि घरोघरच्या सर्वेक्षणातून तयार होते. यादीत नाव आले की पालकांना वाटते काम झाले. प्रत्यक्षात तिथून पुढे दोन वेगळी कामे असतात. एक म्हणजे पटावर नाव लागणे. त्याला कागद लागतात आणि ते फारसे अवघड नाही. दुसरे म्हणजे अंगणवाडीत मुलाबद्दल जे काही कळलेले आहे ते पहिलीच्या बाईंपर्यंत किंवा गुरुजींपर्यंत पोहोचवणे. हे दुसरे काम कुणी मागत नाही, म्हणून बहुतेक वेळा राहून जाते. सातारा-सांगलीतल्या पालकांसाठी आणि सेविकांसाठी ही दोन्ही कामे इथे एकत्र मांडली आहेत.

वयाची अट

महाराष्ट्रात पहिलीसाठी मुलाला त्या वर्षीच्या 31 डिसेंबरला सहा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. पूर्वी हा मानीव दिनांक 30 सप्टेंबर होता, 2020 च्या शासन निर्णयाने तो बदलला. जून 2026 मध्ये पहिलीत जायचे तर जन्म 31 डिसेंबर 2020 किंवा त्याआधीचा हवा. 5 जानेवारी 2021 ला जन्मलेले मूल 2027 मध्येच जाईल.

यातून एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. जानेवारी 2020 मध्ये जन्मलेले मूल शाळा सुरू होताना साधारण साडेसहा वर्षांचे असते आणि डिसेंबर 2020 मधले साडेपाच वर्षांचे. दोघे एकाच वर्गात, एकाच बाकावर. त्या वयात एक वर्षाचा फरक फार मोठा असतो. धाकट्याची पेन्सिलवरची पकड कच्ची असेल, वाक्ये तुटक असतील, तर ते मूल मागे पडलेले नाही, वयाने लहान आहे. पहिलीच्या हजेरीपटावर मुलांच्या नावापुढे जन्ममहिना लिहून ठेवणारे शिक्षक आहेत. ही सवय सगळ्यांनी उचलावी अशी आहे.

जानेवारी ते मेमध्ये जन्मलेल्या मुलांची अडचण वेगळी. अंगणवाडीचा पूरक पोषण आहार सहा वर्षांपर्यंतच असतो. म्हणजे सहावा वाढदिवस झाला, पण शाळा जूनमध्ये, असे काही महिने मधे उरतात. या काळात मूल घरी बसवू नका. अंगणवाडीतल्या शाळापूर्व वर्गात त्याला बसू द्यावे यासाठी सेविकाताईंशी आणि गरज पडल्यास त्यांच्या वरच्या पर्यवेक्षिकांशी आधीच बोलून ठेवा.

कागदपत्रे

जन्म प्रमाणपत्र, मुलाचे आणि आईवडिलांचे आधार कार्ड, जातीच्या नोंदीसाठी वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला किंवा जातीचा पुरावा, फोटो. एवढ्यावर प्रवेश होतो. जिल्हा परिषद आणि नगरपालिका शाळांत प्रवेश शुल्क नाही. अंगणवाडीत गेल्याचा दाखला ही अट नाही. अंगणवाडीत कधीच न गेलेल्या मुलालाही प्रवेश मिळतो.

जन्म प्रमाणपत्र नसेल तरी प्रवेश अडवता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 14 मध्ये हे स्पष्ट आहे. त्याऐवजी रुग्णालयाच्या किंवा परिचारिकेच्या नोंदवहीतली नोंद, अंगणवाडीच्या नोंदवहीतली नोंद, किंवा तेही नसेल तर पालकांचे वयाचे घोषणापत्र चालते. म्हणून सेविकांनी नोंदवहीत जन्मतारीख अंदाजाने लिहू नये. उद्या तीच वयाचा पुरावा ठरू शकते.

अडचण येते ती कागद नसल्यापेक्षा कागद न जुळल्याने. नेहमी दिसणारे प्रकार असे:

जन्म प्रमाणपत्रावर मुलाचे नावच नाही. प्रसूतीनंतर नोंद लगेच झाली, बारशाचे नाव नंतर घातलेच नाही. हे दुरुस्त करणे सोपे आहे. जिथे जन्माची नोंद आहे त्या ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत किंवा महापालिकेत अर्ज करायचा. नोंदणीपासून बारा महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येते, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. मात्र मूल जन्मले ते कराड किंवा मिरजेच्या रुग्णालयात आणि आपण राहतो खेड्यात, तर नोंद त्या शहरात असते. गावच्या ग्रामपंचायतीत हेलपाटे घालून उपयोग नाही.

आधारवर एक नाव, जन्म प्रमाणपत्रावर दुसरे. 'आरव' आणि 'आराव', किंवा आडनावाचे वेगळे स्पेलिंग. शाळेची ऑनलाइन नोंद आधारशी जुळवली जाते आणि न जुळलेले नाव वर्षानुवर्षे यादीत लाल राहते. आधी जन्म प्रमाणपत्र नीट करा, मग त्यावरून आधार. उलट्या क्रमाने गेलात तर दोनदा खेटे पडतात. पाच वर्षांनंतर मुलाच्या बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद आधारमध्ये करावीच लागते. पाच ते सात या वयात ती मोफत आहे, तेव्हा दोन्ही कामे एकाच फेरीत उरका.

जातीची नोंद. प्रवेशाला जातीचा दाखला लागत नाही, पण जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या कायमच्या नोंदवहीत, त्या दिवशी जे लिहिले जाते ते पुढे जात पडताळणीपर्यंत मुलाच्या मागे जाते. वडिलांच्या किंवा आजोबांच्या दाखल्यावर जात-पोटजात जशी आहे तशीच, त्याच शब्दांत लिहून घ्या. तोंडी सांगू नका, कागद पुढे ठेवा. रजिस्टरमधले नाव, जन्मतारीख किंवा जात नंतर बदलायची तर वरिष्ठ कार्यालयाची मान्यता घ्यावी लागते आणि त्याला महिने जातात. नोंद झाल्यावर पालकांनी ती स्वतः वाचून मगच सही करावी.

मूल्यमापन कशासाठी

प्रवेशासाठी मुलाची परीक्षा किंवा मुलाखत घेता येत नाही, आईवडिलांचीही नाही. हे खासगी शाळांनाही लागू आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 13 नुसार पहिल्या वेळी 25,000 रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळी 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे. असे घडले तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

मग शाळेत एप्रिल आणि जूनमध्ये शाळापूर्व तयारीचे मेळावे भरतात ते काय? 2022 पासून राज्यभर 'पहिले पाऊल' या नावाने ते होतात. सात टेबले मांडलेली असतात: नावनोंदणी, शारीरिक विकास, बौद्धिक विकास, सामाजिक-भावनिक विकास, भाषा, गणनपूर्व तयारी आणि शेवटी पालकांना मार्गदर्शन. मूल प्रत्येक टेबलावर छोट्या कृती करते. रेषेवरून चालते, कागदाची घडी घालते, वस्तूंचे गट करते, चित्र पाहून बोलते, कमी-जास्त ओळखते. कृती स्वतः जमली की मदत लागली, हे विकासपत्रावर लिहिले जाते. यात पास-नापास नाही. एप्रिलमध्ये जे जमले नाही त्याचा सराव माता-गटांतून सुट्टीत करायचा आणि जूनमध्ये पुन्हा पाहायचे, इतकाच हेतू आहे.

मेळावा वाया जातो तो तीन कारणांनी. पालक मुलामागे उभे राहून उत्तर सांगतात. गर्दी झाली की कृती न करवताच खुणा केल्या जातात आणि सगळी विकासपत्रे एकसारखी दिसतात. आणि विकासपत्र घरी जाते, जूनमध्ये सापडत नाही. यावर साधा उपाय म्हणजे एप्रिलच्या विकासपत्राचा फोटो सेविका आणि पहिलीचे शिक्षक दोघांनीही मोबाइलमध्ये ठेवावा.

भाषेबद्दल विशेष काळजी हवी. जत तालुक्यात घरी कन्नड बोलणारी मुले पुष्कळ आहेत, तिथे कन्नड माध्यमाच्या जिल्हा परिषद शाळाही आहेत. घरी लमाणी बोलणारी मुलेही असतात. असे मूल 'हिरवा' म्हणत नाही याचा अर्थ त्याला रंग कळत नाहीत असा होत नाही. त्याला हिरवी वस्तू दाखवून 'अशीच दुसरी आण' म्हणा. आणली तर रंग ओळखता येतो, शब्द तेवढा नवा आहे. ही दोन्ही निरीक्षणे वेगळी लिहा.

अंगणवाडीकडून शाळेकडे

एक मेळावा म्हणजे अर्ध्या तासाचे चित्र. सेविकाताईंनी त्या मुलाला दोन-तीन वर्षे रोज पाहिलेले असते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने अंगणवाडीची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी मिळून पाच वर्षांचा एकच पायाभूत स्तर मानला आहे. अंगणवाडी महिला व बालविकासकडे आणि शाळा शिक्षण विभागाकडे असल्याने कागद आपोआप सरकत नाही. तो हाताने द्यावा लागतो. अंगणवाडी शाळेच्या आवारातच असेल तर हे दहा मिनिटांचे काम आहे. पाटण-जावळीच्या वाड्यांत किंवा माण-आटपाडीच्या वस्त्यांवर दोन्हींत अंतर असते. तिथे मे महिन्याआधी केंद्रप्रमुख आणि पर्यवेक्षिकांनी एक दिवस ठरवून बैठक घ्यावी.

प्रत्येक मुलासाठी एक पान पुरे. 'हुशार आहे, चांगला आहे' असे लिहून शिक्षकाला काहीच कळत नाही. असे लिहा: 'पाचपर्यंत वस्तू बरोबर मोजतो, सहाच्या पुढे क्रम चुकतो. कात्री डाव्या हाताने धरतो. अनोळखी माणसासमोर बोलत नाही, पण गाणे सुरू झाले की सामील होतो. शू लागली तर सांगत नाही, आठवण करावी लागते. घरून आजी सोडायला येते.' शेवटची दोन वाक्ये कुठल्याही तक्त्यात नसतात, पण शाळेच्या पहिल्या आठवड्यात सर्वांत उपयोगी तीच पडतात. सोबत उंची-वजनाच्या शेवटच्या नोंदी आणि मुलाने काढलेली दोन-तीन चित्रे, त्यांवर तारीख घालून.

ऐकणे, पाहणे, चालणे, बोलणे यांत शंका असेल तर जून येईपर्यंत थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते आणि पुढील तपासणीसाठी चिठ्ठी देते. ती चिठ्ठी घेऊन साताऱ्यात किंवा सांगलीत प्रत्यक्ष जाणे इथेच साखळी तुटते. दिवसाची मजुरी बुडते म्हणून घरचे टाळतात. बोलणे उशिरा आलेल्या मुलाची आधी कानाची तपासणी करून घ्या. दिव्यांग प्रमाणपत्र प्रवेशासाठी लागत नाही. ते पुढच्या सवलतींसाठी लागते, त्याचा अर्ज ऑनलाइन होतो आणि तपासणी सरकारी रुग्णालयात. पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. मूल पटावर यायच्या आधीच त्यांना कळवले तर पहिल्या महिन्यातच ते वर्गाला भेट देऊ शकतात.

ऊसतोडीची मुले

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कारखाने सुरू झाले की कृष्णाकाठच्या फडांवर बीडसारख्या जिल्ह्यांतून टोळ्या येतात. माण, जत, आटपाडीतूनही कुटुंबे बाहेर पडतात. मूल नोव्हेंबरमध्ये आले म्हणून शाळेला नाकारता येत नाही, आणि आधीच्या शाळेचा दाखला आलेला नाही या कारणानेही प्रवेश थांबवता येत नाही. गाव सोडताना मूळ शाळेतून शिक्षण हमी पत्रक मागून घ्या. ते दाखवले की नव्या शाळेत मूल लगेच बसते आणि परतल्यावर मूळ शाळेत पुन्हा जागा राहते. सहा वर्षांखालील मुलांचे नाव पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या ऑनलाइन नोंदीत फडाजवळच्या अंगणवाडीत हलवता येते, त्यासाठी आईचा आधार क्रमांक आणि मूळ अंगणवाडीचे नाव जवळ हवे.

शाळा सुरू झाल्यावर

पहिलीचे पहिले तीन महिने 'विद्याप्रवेश' या खेळातून तयारीच्या कार्यक्रमासाठी ठेवलेले आहेत. या काळात वही भरली नाही म्हणून पालकांनी घाबरू नये आणि शिक्षकांवर पाटी-पुस्तकाची घाई लादू नये. जूनच्या मध्याला शाळा उघडते, म्हणजे हे बारा आठवडे साधारण सप्टेंबरच्या पूर्वार्धात संपतात. त्या सुमारास शिक्षकांनी एप्रिलचे विकासपत्र, जूनचे विकासपत्र आणि सेविकाताईंचे पान अशी तिन्ही समोर ठेवून पाहावीत. ज्या मुलाच्या नोंदी तिन्ही वेळी एकाच ठिकाणी अडलेल्या दिसतील, त्याच्या पालकांना बोलवावे, आणि शक्य असेल तर त्या दिवशी सेविकाताईंनाही.