स्टड्स टर्केल यांचा नभोवाणी कार्यक्रम

अमेरिकेतील शिकागो शहरात डब्ल्यूएफएमटी या नभोवाणी केंद्रावरून १९५२ ते १९९७ या काळात प्रसारित झालेला मुलाखतींचा कार्यक्रम. नगरजीवन, राजकारण आणि कला हे तीनही विषय एकाच माणसाने एवढा दीर्घकाळ, तेवढ्याच आस्थेने हाताळल्याचे उदाहरण स्थानिक नभोवाणीच्या इतिहासात विरळाच आढळते.

लुई ऊर्फ स्टड्स टर्केल (१९१२–२००८) यांचा जन्म न्यूयॉर्कचा. मात्र बालपणीच ते कुटुंबासह शिकागोला आले. त्यांचे आईवडील तेथे कामगारवस्तीचे एक हॉटेल चालवीत. त्या हॉटेलच्या दिवाणखान्यात कामगार संघटनेची बाजू घेणारे आणि तिला विरोध करणारे कामगार रोज हमरीतुमरीवर येत आणि मुलगा ते ऐकत बसे. पुढे १९३४ मध्ये कायद्याची पदवी मिळूनही त्यांनी वकिली केली नाही. नभोवाणीच्या मालिकांत ते गुंडांच्या भूमिका करू लागले. त्यांचा दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम मॅकार्थी काळातील, म्हणजे सिनेटर मॅकार्थी यांच्या प्रभावाखाली कम्युनिस्ट असल्याच्या आरोपांवरून लोकांना लक्ष्य केले जात असतानाच्या, संशयाच्या वातावरणात बंद पडला. वर्णभेदाविरुद्धच्या निवेदनांवर त्यांनी सह्या केल्या होत्या आणि त्या मागे घेण्यास नकार दिला होता. अभिजात संगीताला वाहिलेल्या, तेव्हा अगदी नव्या असलेल्या डब्ल्यूएफएमटीने त्यांना जागा दिली ती याच सुमारास.

आठवड्यातील कामाच्या दिवशी रोज तासभर चालणाऱ्या या कार्यक्रमात लेखक, गायक, नट, शास्त्रज्ञ आणि चळवळीतील कार्यकर्ते येत. लेखक जेम्स बाल्डविन, फ्रेंच लेखिका सिमोन द बोव्हार आणि तरुणपणीचे गायक बॉब डिलन ही त्यांतील काही नावे. मार्टिन ल्यूथर किंग यांच्याशी १९६४ मध्ये झालेले संभाषण गायिका महालिया जॅक्सन यांच्या घरी ध्वनिमुद्रित झाले. १९६३ च्या ऑगस्टमध्ये नागरी हक्कांच्या मोर्चासाठी शिकागोहून वॉशिंग्टनला निघालेल्या आगगाडीतही टर्केल ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन बसले आणि सहप्रवाशांना बोलते केले. ते तटस्थ नव्हते. कामगार आणि कृष्णवर्णीय यांच्या बाजूने आपण आहोत, हे त्यांनी कधी लपवले नाही.

कार्यक्रमाचे खरे बळ पूर्वतयारीत होते. पाहुण्याचे पुस्तक ते आधी मुळातून वाचत, त्यावर खुणा करीत आणि बोलण्याच्या ओघात नेमका उतारा काढून त्याच्यासमोर ठेवीत. मध्येच एखादी ध्वनिमुद्रिकाही लावत. आपले लेखन कोणीतरी एवढ्या बारकाईने वाचले आहे, हे जाणवताच पाहुणा ठरावीक उत्तरे सोडून मोकळेपणाने बोलू लागे. अप्रसिद्ध माणसांशी बोलताना पुस्तकाचा आधार नसे, तेथे त्यांचे ऐकणेच उपयोगी पडे. सरकारी घरकुलांत राहणाऱ्या एका गरीब आईची त्यांनी सांगितलेली हकीकत या संदर्भात महत्त्वाची आहे. तिची मुले यंत्राभोवती गोळा झाली आणि आईचा आवाज ऐकण्याचा हट्ट धरून बसली. फीत पुन्हा लावल्यावर ती स्त्री तोंडावर हात ठेवून स्तब्ध झाली. आपल्याला असे काही वाटते, हे तिला स्वतःलाच त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हते.

याच पद्धतीतून त्यांची मौखिक इतिहासाची पुस्तके घडली. ‘डिव्हिजन स्ट्रीट’ (१९६७) मध्ये शिकागोचे सर्व थरांतील रहिवासी, तर ‘वर्किंग’ (१९७४) मध्ये निरनिराळ्या व्यवसायांतील माणसे स्वतःच्या शब्दांत बोलतात. दुसऱ्या महायुद्धावरील ‘द गुड वॉर’ या पुस्तकाला १९८५ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. मुद्रित पानावर मात्र बोलणाऱ्याचे अडखळणे, हसू आणि थांबणे हरवते. म्हणून अभ्यासकाने पुस्तकांबरोबर मूळ ध्वनिफितीही ऐकणे आवश्यक आहे. पाच हजारांहून अधिक कार्यक्रमांचा हा संग्रह शिकागो इतिहास संग्रहालयाकडे असून, अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाच्या साहाय्याने त्याचे अंकीय रूपांतर हाती घेण्यात आले. २०१८ पासून त्यांतील बरेच कार्यक्रम महाजालावर विनामूल्य ऐकता येतात.