बादलीतला साबण जातो कुठे?

दोन रिकाम्या बाटल्या घ्या. एकीत पावसाचं पाणी भरा, दुसरीत खोल बोअरचं खारवट पाणी. दोन्हींत अंगाच्या साबणाचा नखाएवढा कीस टाका आणि बूच लावून जोरात हलवा. पहिल्या बाटलीत फेस गळ्यापर्यंत चढतो आणि तसाच राहतो. दुसरीतलं पाणी नुसतं दुधाळ होतं, वर पांढरे कण तरंगतात आणि फेस आला न आला तोच बसतो. शाळेच्या पुस्तकात या पाण्यांना सुफेन आणि दुष्फेन म्हणतात. इतकी नेमकी नावं असताना आपण आपले दुष्फेनला 'जड पाणी' म्हणत बसतो. अणुभट्टीतलं जड पाणी ते वेगळंच!

चुनखडीसारख्या खडकांतून झिरपताना पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोबत घेऊन येतं. साबणाला मळापेक्षा यांचीच ओढ जास्त. गाठ पडली की दोघांचा मिळून पाण्यात न विरघळणारा साका होतो. बाटलीत तरंगणारे कण ते हेच. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम संपेपर्यंत मळाच्या वाट्याला साबण जवळजवळ येतच नाही.

हिशोबच करून पाहू. लिटरला ६० मिलिग्रॅमपर्यंत कठीणपणा, म्हणजे या कॅल्शियम-मॅग्नेशियमचं प्रमाण, असेल तर पाणी सुफेन धरतात, १८० च्या वर गेला तर फारच दुष्फेन. हा कठीणपणा कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात मोजतात. तो २०० असेल तर २० लिटरच्या बादलीत सुमारे २४ ग्रॅम साबण नुसता पाण्यालाच लागतो. कपडा अजून बुडालेलाही नसतो!

बरं, हा साका वाहूनही जात नाही. तो धाग्यांत अडकतो, म्हणून पांढरे कपडे करडे पडतात आणि टॉवेल वाळल्यावर खरखरीत लागतो. बेसिनच्या कडेचं चिकट वर्तुळही त्याचंच. सुफेन पाण्यात ही भानगडच नाही.

डिटर्जंटचा असा साका होत नाही, पण कॅल्शियम त्याच्याही कामात आडवा येतो. म्हणून पावडरीत सोडा, झिओलाइट असे कॅल्शियमला अडवणारे पदार्थ आधीच घातलेले असतात. म्हणजे पावडरीच्या पैशांतले काही पैसे पाणी सुधारण्याचेच.

पाणी उकळलं की बायकार्बोनेटमुळे आलेला कठीणपणा जातो. जातो म्हणजे गीझरच्या कॉइलवर पांढरा थर होऊन बसतो. पाणी सुफेन करणारं यंत्र म्हणजे सॉफ्टनर. त्यातले रेझिनचे मणी कॅल्शियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी थकले की मिठाच्या पाण्याने पुन्हा ताजे होतात. क्षार त्याने कमी होत नाहीत, फक्त बदलतात. त्यामुळे काचेवर डाग तेव्हाही पडतात, पण ओल्या फडक्याने सहज निघतात. घासत बसावं लागत नाही.

सॉफ्टनर बसवल्यावर पावडरीचं माप मात्र कमी करायला हवं. जुन्याच मापाने टाकली तर फेस काढायलाच दोन पाणी जास्त लागतात.