शांतपणाचे इंग्रजी शब्द: हवामानापासून स्नायूंपर्यंत

निवांतपणासाठी इंग्रजीत आज सर्रास वापरले जाणारे बरेच शब्द मुळात मनाचे नव्हतेच. सर्वांत नवल ‘काम’चं (calm, म्हणजे शांत; यातला ‘एल’ उच्चारत नाहीत). त्याचं मूळ ग्रीक ‘कौमा’, म्हणजे होरपळवणारी उष्णता! उत्तरकालीन लॅटिनमध्ये तो भर दुपारच्या उन्हासाठी आला. अशा वेळी कामं थांबतात, माणसं-जनावरं सावली धरतात. त्या विसाव्यावरून अर्थ शांततेकडे वळला, असं व्युत्पत्तिकार मानतात. चौदाव्या शतकाच्या अखेरीस शब्द इंग्रजीत पोचला, तेव्हा तो प्रामुख्याने समुद्र आणि वाऱ्याचा होता. ब्रिटिश नौदल अधिकारी फ्रान्सिस ब्यूफर्ट यांनी १८०५ मध्ये आखलेल्या वाऱ्याच्या श्रेणीत आजही शून्यासमोर हाच शब्द आहे: धूर सरळ वर जातो, ती स्थिती. ‘सिरीन’ (serene, प्रशांत) हाही तसाच, मुळात निरभ्र आभाळाचा.

‘रिलॅक्स’चं मूळ लॅटिन ‘लॅक्सस’, म्हणजे सैल. पकड सैल होई, नियम सैल होत. पण माणसाने स्वतः सैल व्हायचं, हा अर्थ खऱ्या अर्थाने रुळला तो विसाव्या शतकात. अमेरिकी डॉक्टर एडमंड जेकबसन यांचं ‘प्रोग्रेसिव्ह रिलॅक्सेशन’ १९२९ मध्ये आलं. त्यांची पद्धत साधी: एकेक स्नायू आवळायचा, ताण नेमका कुठे जाणवतो ते ओळखायचं आणि मग तो सोडून द्यायचा. मला या इतिहासातला हा सर्वांत मोठा टप्पा वाटतो, कारण शांत होणं ही आता शिकून घेण्याची गोष्ट झाली. पुढे शरीरक्रियेचे अभ्यासक हान्स सेल्ये यांच्या संशोधनामुळे ‘स्ट्रेस’ हा पदार्थांवरील दाबाचा शब्दही शरीराला लागू झाला. अमेरिकी डॉक्टर हर्बर्ट बेन्सन यांनी १९७५ मध्ये ‘रिलॅक्सेशन रिस्पॉन्स’ (ताणाच्या उलट, शरीराचा शांत होण्याचा प्रतिसाद) मांडला, तो याच वाटेवर.

‘कूल’ रागलोभ आवरलेल्या माणसासाठी जुन्या इंग्रजीपासूनच होता. त्याची आजची ऐट मात्र कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या बोलीतून आणि जॅझच्या जगातून आली, आणि ते श्रेय त्यांना नाव घेऊनच द्यायला हवं. ‘चिल’ त्यानंतरचा.

‘माइंडफुलनेस’ (सजग भान) हा शब्द जुनाच. १८८१ मध्ये पालीचे अभ्यासक टी. डब्ल्यू. र्‍हीस डेव्हिड्स यांनी तो बौद्ध ग्रंथांतल्या पाली ‘सति’साठी योजला. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये दीर्घकाळ दुखणी सोसणाऱ्या रुग्णांसाठी त्याचे वर्ग सुरू केले आणि तो दवाखान्यांत शिरला.