कोळशाच्या पोटातले 10 गुंठे

घरी माशांची टाकी असणाऱ्यांना एक पथ्य ठाऊक असतं: पाण्यात मिथिलीन ब्लू हा औषधी निळा रंग घालायचा असला, की आधी फिल्टरमधला कोळसा काढून ठेवायचा. नाही काढला तर निळं पाणी फिकट पडतं आणि औषध वाया जातं. टाकीतली ही अडचण इचलकरंजीसारख्या गावातल्या कापड-प्रोसेसच्या रंगीत सांडपाण्यावर मात्र इलाज ठरते.

हा चुलीतला कोळसा नव्हे, हा सक्रिय कोळसा (ॲक्टिव्हेटेड कार्बन). लाकूड किंवा नारळाची करवंटी कमी हवेत भाजतात, मग 800 ते 1000 अंश सेल्सिअसला त्यावर वाफ सोडतात. वाफ त्याला आतून कोरत जाते. अशा 1 ग्रॅम कोळशातल्या छिद्रांच्या भिंती उलगडता आल्या, तर सुमारे 1000 चौरस मीटर भरतील, म्हणजे जवळजवळ 10 गुंठे! रंगाचे रेणू या भिंतींना चिकटून बसतात. स्पंज पाणी पितो ते शोषण. पृष्ठभागावर असं चिकटणं म्हणजे अधिशोषण.

पण छिद्रात रेणू मावायला हवा. करवंटीच्या कोळशातली बहुतेक छिद्रं 2 नॅनोमीटरहून लहान. मिथिलीन ब्लूचा रेणू छोटा, तो पुष्कळ ठिकाणी शिरतो. सुती कापडाच्या रिॲक्टिव्ह रंगांचे, म्हणजे धाग्याशी रासायनिक बंधाने जोडल्या जाणाऱ्या रंगांचे, रेणू थोराड. त्यातले बरेच दारातच अडतात. त्यांना लाकडापासून केलेला, मोठ्या छिद्रांचा कोळसा बरा. उसाचं चिपाड, शेंगांची टरफलं यांपासून केलेला कोळसा प्रयोगशाळेत अनेकदा मिथिलीन ब्लूवरच तपासला जातो. त्या आकड्यांवरून कारखान्याचा भरवसा धरू नये, असं मला ठामपणे वाटतं.

शिवाय कोळसा रंग नष्ट करत नाही, धरून ठेवतो. भरला की भट्टीत तापवून मोकळा करावा लागतो आणि दर खेपेला थोडा जळून घटतो. तसाच टाकून दिला, तर रंग फक्त जागा बदलतो.

आणि मीठ? रिॲक्टिव्ह रंग सुतावर चढावा म्हणून गडद छटेला लिटरमागे 50 ग्रॅम किंवा जास्तही मीठ घालतात. कोळसा त्याला हात लावत नाही. गाळून आलेलं नितळ पाणी शेतात गेलं, तर जमीन खारवते. 2011 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या तिरुपूरचे रंगाई कारखाने बंद करायला लावले, तेव्हा नोय्यल नदीकाठच्या शेतकऱ्यांचं गाऱ्हाणं रंगाइतकंच या क्षारांचंही होतं.