आंब्याच्या बुंध्याशी खताचा ढीग नको

“खत बुंध्याशी घातलं की झाडाला लगेच लागू पडतं” हा समज कोकणातल्या आंबा बागांत अजून टिकून आहे. तो चुकीचा आहे. अन्न शोषणारी तंतुमुळं बुंध्याजवळ फारशी नसतात, ती फांद्यांच्या घेराखाली पसरलेली असतात. उलट ओल्या ढिगाखाली खोडाची साल कुजते.

दहा वर्षांच्या हापूसला पावसाच्या सुरुवातीला 50 किलो कंपोस्ट किंवा शेणखत द्या. घेराच्या थोडं आत, 30 सेंमी रुंद आणि 15 सेंमी खोल गोल चर खणा, खत मातीत मिसळून बुजवा. जाड मुळं तोडू नका. कच्चं शेण तर नकोच, त्यातून हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते. पुरतं कुजलेलं खत काळपट, भुसभुशीत असतं आणि हाताला गरम लागत नाही.