लिनक्सवर ऑडिओ-व्हिडिओ

लिनक्सवर गाणी ऐकणं, पिक्चर बघणं, आवाज किंवा स्क्रीन रेकॉर्ड करणं हे एकट्या सॉफ्टवेअरचं काम नाही, त्यात एकावर एक थर आहेत, आणि "आवाजच येत नाहीये" अशी ओरड होते तेव्हा बहुतेक वेळा त्यातल्या एकाच थरात घोळ असतो. कुठला थर काय करतो हे कळलं की अर्धं काम झालं.

तळाशी कर्नलमधले, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातले, ड्रायव्हर, जे साउंड कार्डासारखं हार्डवेअर चालवतात. सुरुवातीला ओएसएस हा ड्रायव्हरांचा संच होता, पण त्यात बऱ्याच साउंड कार्डांवर एका वेळी एकाच प्रोग्रामला आवाज काढता यायचा, दुसरा आला की "डिव्हाइस बिझी". मग १९९८ मध्ये यारोस्लाव किसेला यांनी त्याच कामासाठी अल्सा सुरू केलं, कर्नल २.६ पासून म्हणजे २००३ च्या डिसेंबरपासून ते मुख्य झालं आणि आजही तळाला तेच आहे. टर्मिनलवर अल्सामिक्सर उघडलं की आवाजाचे उभे पट्टे दिसतात, पट्ट्याखाली एमएम असेल तर तो चॅनल म्यूट आहे, एम दाबला की सुरू. एफ६ दाबून कार्डही बदलून बघायचं, कारण लॅपटॉपचा आवाज एचडीएमआयकडे (टीव्ही-मॉनिटरच्या केबलकडे) गेलेला असणं हा प्रकार फार कॉमन आहे.

अल्साच्या वर साउंड सर्व्हर, जो सगळ्या प्रोग्रामांचे आवाज एकत्र करून कार्डाला देतो. लेनार्ट पोएटरिंग यांचं पल्सऑडिओ हे असंच सर्व्हर फेडोरा ८ या लिनक्स वितरणात (२००७) डिफॉल्ट झालं, सुरुवातीला लोक त्याला खूप वैतागले, पण प्रत्येक ॲपचा वेगळा व्हॉल्यूम आणि गाणं चालू असताना स्पीकरवरून हेडफोनवर उडी या सोयी त्यानेच घरोघरी पोचवल्या. संगीतवाल्यांचं मात्र त्याने भागत नव्हतं, त्यांना आवाजाला उशीर अजिबात चालत नाही, म्हणून ते पॉल डेव्हिस यांचं जॅक हे वेगळं साउंड सर्व्हर वापरायचे, आणि दोन्ही एकाच मशीनवर नांदवणं म्हणजे खरंच डोकेदुखी होती. ती संपवली पाइपवायर या नव्या सर्व्हरने. रेड हॅटचे विम टायमन्स यांनी ते खरं तर व्हिडिओसाठी सुरू केलं होतं, पण आज पल्सऑडिओ आणि जॅक या दोघांसाठी लिहिलेले प्रोग्राम त्याच्यावर न बदलता चालतात. फेडोरा ३४ ने २०२१ मध्ये ते आवाजासाठी डिफॉल्ट केलं, २०२३ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. लिनक्सवरच्या आवाजात गेल्या वीस वर्षांत झालेली सगळ्यात मोठी सुधारणा हीच, असं माझं स्पष्ट मत आहे.

उशिराचा हिशोब असा: ४८००० हर्ट्झला (सेकंदाला ४८००० फ्रेम, म्हणजे आवाजाचे बारीक तुकडे) १०२४ फ्रेमचा बफर, म्हणजे वाजण्याआधी साठवलेला आवाज, याचा उशीर साधारण २१ मिलिसेकंद. पिक्चर बघताना हे कळतही नाही, पण हेडफोनमध्ये स्वतःचाच आवाज ऐकत तानपुऱ्याच्या ट्रॅकवर गायचं असेल तर लगेच खटकतं. बफर १२८ केला की उशीर पावणेतीनच्या आत येतो, फक्त प्रोसेसरला तो झेपला नाही तर आवाज तडतडतो.

प्लेअरमध्ये व्हीएलसी आणि एमपीव्ही दोन्ही उत्तम. व्हीएलसीची सुरुवात १९९६ मध्ये पॅरिसच्या इकोल सेंत्राल कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी केली. दोघांच्याही पोटात फाब्रिस बेलार यांनी २००० मध्ये सुरू केलेलं एफएफएमपेग आहे, आणि डीकोड करायचं, म्हणजे दाबून साठवलेल्या डेटातून चित्र-आवाज परत काढायचं, खरं कष्टाचं काम मुख्यतः तेच करतं. नव्या इन्स्टॉलवर एखादी फाइल चालत नसेल तर कारण बहुधा पेटंट असतं: एमपी३ ची पेटंटं २०१७ मध्ये संपली, पण एच.२६४ वगैरे व्हिडिओ फॉरमॅटसाठी फेडोरावर आरपीएम फ्यूजन हा जादा सॉफ्टवेअरचा साठा आणि उबंटूवर रिस्ट्रिक्टेड एक्स्ट्रा हे पॅकेज लागतं.

नुसता आवाज रेकॉर्ड करायला ऑडॅसिटी पुरे, अनेक ट्रॅकचं काम असेल तर आर्डर. माइकऐवजी कॉम्प्युटरवर वाजतंय तेच रेकॉर्ड करायचं असेल तर इनपुटला "मॉनिटर" निवडायचं, हे प्रत्येक आउटपुटसोबत आपोआप तयार असतं आणि बऱ्याच जणांना ते माहीतच नसतं.

वेबकॅम सहसा लावला की चालतो, कारण यूएसबी कॅमेऱ्यांचा सर्वसाधारण ड्रायव्हर २००८ पासून कर्नलमध्येच आहे.

स्क्रीन रेकॉर्डिंगला ओबीएस स्टुडिओ. वेलँडवर (लिनक्सवर विंडो दाखवायच्या नव्या पद्धतीत) कुठलाही प्रोग्राम परस्पर स्क्रीन वाचू शकत नाही, आधी "कुठली विंडो दाखवू?" अशी चौकट येते आणि परवानगी दिल्यावर चित्र पाइपवायरमधून येतं, म्हणून जुन्या रेकॉर्डरांत नुसती काळी स्क्रीन दिसते. आणि ओबीएसमध्ये फाइलचा फॉरमॅट एमकेव्हीच ठेवा, कारण साध्या एमपी४ ची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते, मध्येच लाइट गेली तर तासाभराचं लेक्चर उघडतच नाही, एमकेव्ही मात्र तिथपर्यंत शाबूत राहते आणि नंतर ओबीएसमधूनच क्वालिटी न घालवता तिची एमपी४ करता येते.